कर्नलचं लॉग किती ठेवायचं? चेंबरवर लावलेल्या डब्याच्या हिशोबाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत काम करणारा पोरगा आहे, रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या रायपनिंग चेंबरसाठी (केळी पिकवायच्या बंद खोल्यांसाठी) त्यांचे कंट्रोलर डबे जातात. आत एआरएमचा बोर्ड, १ जीबी रॅम, ८ जीबी ईएमएमसी (बोर्डावरची फ्लॅश मेमरी, लिहून लिहून झिजणारी), लिनक्स, सेन्सर वाचायला यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर आणि बाहेर बोलायला ४जी मोडेम. मालक म्हणतात सगळं लॉग कर, उद्या कोणाचा माल खराब झाला तर दाखवायला पाहिजे. सिनिअर म्हणतो कर्नल (लिनक्सचा गाभा) क्वाएट, म्हणजे गप्प, कर, फक्त एरर ठेव, नाहीतर ईएमएमसी वर्षभरात जाईल. पोरगं विचारतंय, भाऊ, कर्नलचं डायग्नोस्टिक नेमकं किती डिटेलमध्ये ठेवायचं?

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मागून. रॅममध्ये भरपूर ठेव, कन्सोलवर (बोर्डाच्या सिरीयल पोर्टवर छापलं जातं ते) अगदी थोडं जाऊ दे, ईएमएमसीवर इन्फो लेव्हलपर्यंत सगळं लिही पण साइजला लगाम घालून, आणि डीबग कायमचं चालू ठेवू नको पण जागेवर जाऊन चालू करता येईल अशी सोय बिल्डमध्ये आत्ताच घालून ठेव. तुझे मालक आणि सिनिअर एकच आकडा धरून भांडताहेत, आणि तिथे एक आकडा नाहीच आहे, ओळ बनते एका ठिकाणी आणि जाते तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा खर्च वेगळा.

लेव्हल तुला माहीत असतील, ० इमर्जन्सी, १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटीस, ६ इन्फो, ७ डीबग, आकडा जितका लहान तितकी गोष्ट गंभीर. आता बूटलाइनवर (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचनांत) लॉगलेव्हल=४ दिलं की खूप जणांना वाटतं की लॉग कमी झालं. नाही भो. त्याने फक्त कन्सोलवर काय दिसेल ते ठरतं, म्हणजे ४ पेक्षा लहान आकड्याच्या ओळी, ० ते ३. बाकीच्या ओळी रिंग बफरमध्ये (रॅममधली जागा, भरली की जुन्या ओळी उडतात) जशाच्या तशा पडतातच, डीमेसेग ही कमांड मारली की दिसतात. क्वाएट दिलं की तेच ४ होतं. प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके या फाइलीत चार आकडे दिसतात त्यातला पहिला कन्सोलचा, दुसरा म्हणजे ज्या ओळीला कोणी लेव्हलच दिली नाही तिला कोणती धरायची तो, आणि हा दुसरा आकडा पुढे कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेव.

कन्सोलवर मी एवढा का अडतो ते सांगतो, कारण माझ्याकडे येणारे निम्मे "बोर्ड स्लो आहे, हँग होतो" वाले डबे इथेच सापडतात. बोर्डाचा सिरीयल कन्सोल बहुतेक ११५२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) असतो. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे साधारण ७ मिलिसेकंद. एक ओळ ठीक आहे, पण ड्रायव्हरने घाबरून पाचशे ओळी ओकल्या तर साडेतीन सेकंद तिथेच गेले, आणि जुन्या पद्धतीच्या कर्नलमध्ये ती ओळ छापायचं काम बऱ्याचदा त्याच सीपीयूवर, त्याच क्षणी, इंटरप्ट बंद ठेवून होतं. वर असं की एक सीपीयू छापत असताना दुसऱ्यांनी टाकलेल्या ओळीही त्याच बिचाऱ्याच्या गळ्यात पडतात. सीझनमध्ये जिनिंगच्या वजनकाट्यावर बघ, काटा एकच आणि बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रोडपर्यंत, आत मशीन रिकामं फिरतंय पण माल आत येईना. अगदी तसं होतं. मग मॉडबसचे (सेन्सरशी बोलायच्या पद्धतीचे) टाइमआउट येतात, वॉचडॉग (बोर्ड अडकला की रीसेट करणारा टायमर) चावतो, आणि पोरं सेन्सरला शिव्या देत बसतात. कोणी बॉड ९६०० ठेवला असेल तर तीच एक ओळ ८३ मिलिसेकंद, मग तर विचारूच नको.

आणि हे पण सांगतो, कारण यावर वाद घालणारे भेटतात: सिरीयलला केबल लावलेली नाही म्हणून खर्च वाचत नाही. फ्लो कंट्रोल (समोरच्याने थांब म्हणायची सोय) नसेल तर यूएआरटीला (सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या भागाला) माहीतच नसतं समोर कोणी ऐकतंय का नाही, तो बाइट पाठवतच राहतो, तेवढाच वेळ घेऊन. म्हणजे सावद्याला चेंबरच्या भिंतीवर टांगलेला डबा, आसपास लॅपटॉप नाही, माणूस नाही, आणि आत सीपीयू कोणासाठी तरी अक्षर अक्षर छापत बसलाय.

नवीन कर्नलमध्ये हे सुधारतंय. ५.१० मध्ये रिंग बफर लॉकलेस झाला (लिहिणाऱ्यांना एकमेकांसाठी थांबावं लागत नाही), आणि ६.१२ मध्ये, २०२४ ला, रिअलटाइम प्रीएम्प्ट (ठरल्या वेळेत काम व्हायची सोय) मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, आलं त्याच्या आधी प्रिंटकेचं (कर्नलमधून ओळ छापायच्या फंक्शनचं) कन्सोलचं काम हाच शेवटचा मोठा अडथळा होता, आता कन्सोलला स्वतःचा थ्रेड देऊन छपाई बाजूला करता येते. पण त्यासाठी सिरीयलचा ड्रायव्हर पण त्या नव्या पद्धतीचा पाहिजे, आणि बोर्डवाल्याने दिलेलं बीएसपी (त्या बोर्डासाठी तयार केलेला कर्नल आणि ड्रायव्हर) कोणत्या जमान्यातलं असतं ते तुला सांगायची गरज नाही. त्यामुळे प्रॉडक्शनमध्ये कन्सोलवर ४, विषय संपला. वर्कशॉपमध्ये पाहिजे तेव्हा ८ करून घे, डीमेसेगला मायनस एन दे नाहीतर सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची की) आणि आकडा दाब, रीबूट पण लागत नाही.

कोणी म्हणेल की पॅनिक झालं, म्हणजे कर्नलच कोसळला, आणि क्वाएट असेल तर काही दिसणार नाही. दिसेल. पॅनिकच्या वेळी कर्नल स्वतःच कन्सोलची लेव्हल १५ वर नेतो, सोर्समध्ये त्या १५ ला चक्क मोटरमाउथ असं नाव दिलंय, ज्याने कोणी दिलं असेल त्याला सलाम. तेवढं मात्र समज की लेव्हल वाढवल्यानंतरच्या ओळी दिसतात, आधी गाळलेल्या इन्फोच्या ओळी काही परत छापल्या जात नाहीत, त्या बफरमध्येच असतात.

आता रॅम. रिंग बफरची साइज नेहमीच्या कॉन्फिगमध्ये १७ ची शिफ्ट, म्हणजे २ चा १७ वा घात, १२८ केबी असते. ८० अक्षरांची ओळ धरली तर सोळाशेच्या आसपास ओळी. बूटमध्येच त्यातल्या सात-आठशे जातात, आणि नंतर मोडेम वारंवार कनेक्ट-डिस्कनेक्ट होत राहिला की बूटच्या ओळी बाहेर, आणि नेमकं तुला तेच पाहिजे असतं की बूटला कोणता व्होल्टेज रेग्युलेटर आला नव्हता. १ जीबी रॅम आहे ना तुझ्याकडे, मंग लॉग_बफ_लेन=२एम टाक बूटलाइनवर आणि मोकळा हो. १ जीबीत २ एमबी म्हणजे काहीच नाही, ओळी मात्र सोळापट. यात कंजुषी करणारे लोक मला कळतच नाहीत, तेच लोक अॅपमध्ये अख्खा ब्राउझर भरतात. शिवाय बूट पूर्ण झालं की एकदा डीमेसेगचं आउटपुट वेगळ्या फाइलीत काढून ठेव, मागच्या पाच-सहा बूटचं राहू दे, जुनं उडव. फाइल छोटी असते आणि पुढे वादळ आलं तरी ती वाचते.

आता खरा वाद, ईएमएमसीवर काय लिहायचं. सिनिअर म्हणतो फक्त एरर. मी एक उदाहरण देतो, तुझ्याच डब्यातलं. चेंबरचा कॉम्प्रेसर चालू झाला, कॉन्टॅक्टर (त्याचा मोठा स्विच) ओढला, पॅनेलमध्ये नॉइज आला, यूएसबी हब दचकला. कर्नलमध्ये काय पडतं बघ. पहिली ओळ अशी की पोर्ट "डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग", हो, कंसात प्रश्नचिन्हासकट, कर्नल स्वतःच विचारतोय की बाबा इलेक्ट्रिकल गडबड तर नाही ना. ही ओळ एररची आहे. पुढची, "यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ७", ही इन्फो. त्याच्या पुढची, नवीन फुल-स्पीड डिव्हाइस नंबर ८ आलं, ही पण इन्फो. आणि शेवटची, सीएच३४१ (आपल्या आरएस-४८५ कन्व्हर्टरची चिप) कन्व्हर्टर आता टीटीवाययूएसबी१ या नावाला जोडला गेला, इन्फो. कळलं का काय झालं? आधी तो कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० होता, तुझ्या अॅपने ते जुनं हँडल धरून ठेवलं होतं म्हणून ० नंबर मोकळा झाला नाही, कन्व्हर्टर १ नंबरवर आला, आणि अॅप ० वर वाट बघत बसलं. चेंबरचं टेंपरेचर स्क्रीनवर गोठलं, केळी आत पिकत चालली. आख्ख्या भानगडीचं उत्तर त्या शेवटच्या इन्फोच्या ओळीत आहे. फक्त एरर ठेवलं असतं तर तुला जास्तीत जास्त ईएमआयवाली एक ओळ मिळाली असती, आणि कधी कधी तीही नाही, कारण डिव्हाइस सरळ सुटलं तर एरर येतच नाही, डिस्कनेक्टवरच काम भागतं. (उपाय पण सांगून टाकतो, युडेव्हमध्ये (डिव्हाइसला नाव देणाऱ्या सेवेत) पोर्टच्या जागेवरून पक्कं नाव दे आणि अॅपला रीड फेल झाल्यावर हँडल सोडायला शिकव. आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलला स्नबर (नॉइज दाबणारा छोटा भाग) लाव, तो किरकोळ खर्चाचा विषय आहे.)

अजून एक, लाइट गेली आणि आली. एक्स्ट४ ही फाइलसिस्टीम आपलं जर्नल (अर्धवट लिखाणाची नोंद) रिकव्हर करून "रिकव्हरी कंप्लीट" म्हणतो, तीही इन्फो. ती ओळ म्हणजे मागचं शटडाउन नीट झालं नव्हतं याचा लेखी पुरावा. तुझ्याकडे फोन येतो, "भाऊ, लाइट उनी नि डबा बंद पडी गया", आणि लाइट खरंच गेली होती का कोणी डबा बटणाने बंद केला ते तुला इथून कळतं. रास्पबेरी पायवर तर अंडरव्होल्टेजची ओळ क्रिटिकलमध्ये येते आणि व्होल्टेज परत नॉर्मल झाल्याची इन्फोमध्ये. फक्त वरची लेव्हल ठेवली तर व्होल्टेज पडलं ते कळेल पण किती वेळ पडलेलं राहिलं ते नाही. आपल्याकडे फीडरवर व्होल्टेज कसं नाचतं तुला माहीत आहे, ती दोन ओळींमधली वेळच खरी माहिती आहे.

म्हणून माझं मत पक्कं आहे. लेव्हल म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्याच्या टेबलावर बसून ठरवलेला गंभीरपणा, तुझ्या फिल्डमधला गंभीरपणा त्याला माहीत नव्हता. त्याच्या दृष्टीने यूएसबी सुटणं ही रोजची गोष्ट आहे, माणूस पेनड्राइव्ह काढतो, त्यात काय. तुझ्या डब्यातला कन्व्हर्टर स्क्रूने आवळलेला आहे, तो सुटणं ही बातमी आहे. उलटं पण होतं. मेच्या उन्हात भुसावळकडे एखाद्या मिलमध्ये पंख्याशिवायचा इंटेलचा पॅनेल पीसी ठेव, सीपीयू टेंपरेचर थ्रेशोल्डच्या वर गेलं, क्लॉक थ्रॉटल केला अशा ओळी जुन्या कर्नलवर क्रिटिकलमध्ये येत राहतात, आणि प्रोसेसर मात्र आपलं काम नीट करतोय, स्वतःला सांभाळतोय. पुढे कर्नलवाल्यांनीच ती बडबड कमी केली.

मग ईएमएमसीच्या आयुष्याचं काय? सिनिअरची भीती खोटी नाही पण ती चुकीच्या जागी आहे. नीट चालणाऱ्या डब्यात कर्नल इन्फोपर्यंत दिवसाला किती लिहितो ते एकदा मोजून बघ, केबीत असतं. त्याने ८ जीबीची चिप मरत नाही. मारतात दोन गोष्टी, प्रत्येक ओळीला सिंक करणं (लगेच डिस्कवर उतरवणं) आणि ओळींचं वादळ. जर्नलडी (लॉग फाइलीत लिहिणारी सेवा) मुळात दर ५ मिनिटांनी डिस्कवर सिंक करतो, आणि क्रिटिकल किंवा त्याच्या वरची ओळ आली तर लगेच. काही जण घाबरून ही वेळ १ सेकंद करतात, ते नको करू. चिप किती झिजली ते अंदाजाने बोलायची पण गरज नाही, ईएमएमसी ५.० पासून चिप स्वतः सांगते, सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो तिथे) त्या एमएमसी डिव्हाइसखाली लाइफ_टाइम नावाची फाइल आहे, १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी आकडा येतो. तो आकडा महिन्याला एकदा सर्व्हरवर पाठव, सिनिअरबरोबरचा वाद आपोआप मिटेल. आणि बहुतेक वेळा त्यात कळेल की झीज करणारा तुमच्या अॅपचा डेटाबेस आहे, कर्नल नाही.

साइजचा लगाम मात्र हाताने घाल. जर्नलडी स्वतःहून फाइलसिस्टीमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, तुझ्याकडे सिस्टीममॅक्सयूज ६४ एमबी ठेवलं तरी महिन्यांचा माल बसतो. आणि स्टोरेज पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर टिकणारं, कर, नाहीतर सगळं रन खाली रॅममध्ये राहतं आणि रीबूटला पुसलं जातं, निम्म्या डब्यांवर हेच झालेलं असतं आणि लोक म्हणतात लॉगच मिळाले नाही.

पण लगाम घातला म्हणजे वादळापासून वाचलो असं नाही. वादळ आलं की जुन्या कामाच्या ओळी उडतात आणि ६४ एमबी एकाच ओळीने भरून जातं. पीसीवर हे बघायचं असेल तर पीसीआयईच्या (पीसीत कार्ड जोडायच्या बसच्या) "करेक्टेड" एररचं उदाहरण बघ, हार्डवेअरने चूक स्वतःच दुरुस्त केलेली, तरी ओळीवर ओळ, लोकांच्या सिसलॉगने डिस्क भरल्यात, आणि मग लोक पीसीआय=नोएईआर टाकून तोंडच बंद करतात, म्हणजे उद्या खरी चूक आली तरी कळणार नाही. वादळ उगमाशी थांबवायचं असतं. कर्नलमध्ये रेटलिमिट आहेच, मूळ हिशोब ५ सेकंदात १० ओळी, बाकीच्या गिळून "कॉलबॅक्स सप्रेस्ड" अशी ओळ येते त्यात किती गिळल्या तो आकडा असतो. हा आकडा फेकू नको. पाच सेकंदात ४० गिळल्या आणि पाच सेकंदात ४ हजार गिळल्या यात फरक आहे, पहिल्यात कनेक्टर ढिला असेल, दुसऱ्यात ड्रायव्हर लूपमध्ये अडकलाय.

आता तो दुसरा आकडा आठव, लेव्हल न दिलेल्या ओळींचा. तो बहुतेक ४ असतो, वॉर्निंग. स्वस्त वायफाय चिपचे जे व्हेंडरचे ड्रायव्हर येतात त्यात उघडं प्रिंटके मारलेलं असतं, लेव्हल नाही, डिव्हाइसचं नाव नाही, आणि प्रत्येक स्कॅनला सात ओळी. त्या सगळ्या वॉर्निंग म्हणून गणल्या जातात आणि तुझं वॉर्निंगचं पान कचरा होतं, खरी वॉर्निंग त्यात शोधून दाखव. इथे लेव्हल गाळून काही होत नाही, बसून तो ड्रायव्हर उघडायचा आणि त्या ओळी डेव्ह_डीबीजी (डीबग लेव्हलच्या) करून टाकायच्या. एक दुपार जाते, पण मी प्रत्येक नवीन बोर्डवर हे आधी करतो, कॉन्फिगला हात लावायच्या आधी.

तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल, एखाद्या गॅस सेन्सरसाठी वगैरे, तर थोडं त्याबद्दल. पीआर_एरर नको, डेव्ह_एरर (ओळीत डिव्हाइसचं नाव घालतं) वापर, डब्यात एकसारखे चार सेन्सर असले तर नावाशिवाय "रीड फेल्ड" या ओळीला काडीची किंमत नाही. एरर कोड छाप, मायनस ११० आलं तर टाइमआउट हे सगळ्यांना कळतं, "समथिंग वेंट राँग" कोणालाच कळत नाही. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडला जातो तेव्हा) डेव्ह_एरर_प्रोब वापर, २०२० मध्ये ५.९ ला आलंय, त्याचा फायदा असा की दुसरा ड्रायव्हर अजून उठला नाही म्हणून थांबायचं असेल तर ते एरर म्हणून बोंबलत नाही, कारण गुपचूप नोंदवून ठेवतं आणि डीबगएफएसमध्ये डिव्हायसेस_डिफर्ड या फाइलीत वाचता येतं. मेमरी मिळाली नाही ही ओळ तू छापू नको, मेमरी देणारा अॅलोकेटर स्वतः छापतो आणि तुझ्यापेक्षा चांगली छापतो. यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडून) कोणीही लूपमध्ये घडवून आणू शकेल अशा जागेवर रेटलिमिटशिवाय ओळ ठेवायची नाही. आणि जी गोष्ट सेकंदाला हजार वेळा घडते तिथे प्रिंटके हे साधनच चुकीचं, ट्रेसपॉइंट (ओळ न छापता नुसती नोंद घेणारी खूण) टाक, त्या नोंदी जिथे जातात तो एफट्रेसचा बफर प्रत्येक सीपीयूचा वेगळा असतो, कन्सोलच्या वाटेला जात नाही.

उलट तुझ्या अॅपने डेव्ह/केमेसेगमध्ये (बाहेरून कर्नल लॉगमध्ये लिहायच्या फाइलीत) लिहिणं टाळ. २०१४ मध्ये सिस्टीमडीचा (बूटला बाकीच्या सेवा उठवणाऱ्या प्रोग्रामचा) हाच गोंधळ गाजला होता, कर्नलच्या बूटलाइनवर डीबग शब्द दिसला की सिस्टीमडी पण आपलं डीबग चालू करून कर्नल लॉगमध्ये एवढं ओतायचा की मशीन बूट होईना, लिनस टोरव्हाल्ड्सने त्यावरून जाहीर तोफ डागली होती. पुढे २०१६ मध्ये यूजरस्पेसच्या या लिखाणाला रेटलिमिट आलं. तुझ्या डब्यात अॅपचं लॉग जर्नलला जाऊ दे, कर्नलचं कर्नलला.

आता डीबग. मालकांना "सगळं" पाहिजे ना, तर सगळं असं मिळतं: बिल्डमध्ये डायनॅमिक डीबग चालू ठेव. कर्नलच्या कॉन्फिगमध्येच लिहिलंय की त्याने कर्नलचा टेक्स्ट (कोडचा भाग) साधारण २ टक्के वाढतो. बंद असताना प्रत्येक डीबगच्या जागी फक्त एक नो-ऑप (काहीच न करणारी सूचना) असतो, म्हणजे चालायला खर्च जवळपास शून्य. आणि मग जागेवर जाऊन, किंवा मोडेममधून आत शिरून, डायनॅमिक_डीबगच्या कंट्रोल फाइलीत "मॉड्यूल सीएच३४१ +पी" एवढं लिहिलं की फक्त त्या ड्रायव्हरचं डीबग चालू, "-पी" लिहिलं की बंद. आख्ख्या मॉड्यूलऐवजी एकच फाइल, एकच फंक्शन, अगदी एकच ओळ पण निवडता येते, आणि +पी बरोबर एफ आणि एल दिलं तर फंक्शनचं नाव आणि ओळ नंबर पण येतो. पोरं इथे अडकतात ते असं की कन्सोल ७ वर आहे आणि डीबग दिसत नाही. ७ वर ७ पेक्षा लहानच दिसणार ना, डीबग स्वतः ७ आहे. डीमेसेगमध्ये बघ, तिथे आहे.

फिल्डवर मी हे उघड्या कमांडने कोणाला करू देत नाही. एक छोटी स्क्रिप्ट, मॉड्यूलचं नाव आणि मिनिटं एवढंच घेते, चालू करते, वेळ संपला की स्वतः बंद करते, आणि तेवढ्या काळाचं लॉग वेगळ्या फाइलीत बांधून ठेवते. टेक्निशियन यावलहून निघून फैजपूरला पोचलेला असतो आणि डीबग तिकडे रात्रभर चालू, असं होऊ द्यायचं नाही, माणसाच्या आठवणीवर सोडायची गोष्ट नाही ती.

लाइट अचानक जाण्याबद्दल एक मुद्दा राहिलाच, आणि आपल्या भागात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे खरं तर. पीस्टोर-रॅमऊप्स नक्की लाव, क्रॅशच्या शेवटच्या ओळी रॅमच्या राखीव तुकड्यात राहतात आणि रीबूटनंतर सिस/एफएस/पीस्टोरमध्ये मिळतात, वॉचडॉगने रीसेट केलं तर ह्याच्यासारखी चीज नाही. पण लक्षात घे, ते रॅम आहे, सप्लाय गेला की तेही गेलं. आणि जर्नल ५ मिनिटांनी सिंक करतं म्हटलं ना, म्हणजे लाइट गेली की शेवटच्या काही मिनिटांतल्या इन्फोच्या ओळी गेल्या, नेमक्या व्होल्टेज नाचत असतानाच्या. सॉफ्टवेअरने याला उत्तर नाही. सुपरकपॅसिटर टाकून १०-१५ सेकंद मिळव, एका जीपीआयओवर (बोर्डाच्या इनपुट पिनवर) सप्लाय गेल्याची खूण घे, आणि तेवढ्यात जर्नल सिंक कर. हार्डवेअरवाल्याला पटवणं अवघड जाईल, तो बीओएमचा (सुट्या भागांचा) खर्च दाखवेल, तू त्याला रावेरच्या एका फेरीचा खर्च दाखव.

घड्याळाचं पण बघ. बोर्डवर आरटीसीची (घड्याळाच्या चिपची) बॅटरी नसेल तर बूटला तारीख जुनीच असते, मोडेम नेटवर्क पकडतो मग एनटीपीने (नेटवरून वेळ घेतली की) उडी मारते, आणि लॉगमध्ये पहिल्या दोन मिनिटांच्या ओळी परवाच्या तारखेने दिसतात. मालक माल खराब झाल्याच्या वादात हे लॉग कोणाला दाखवणार असतील तर समोरचा पहिलं बोट इथेच ठेवेल. बूटपासूनचे सेकंद, ते चौकटी कंसातले, त्यावर विश्वास ठेव, ते मागे जात नाहीत, आणि घड्याळाने उडी कधी मारली ती ओळ अॅपमधून मुद्दाम लिहून ठेव. आरटीसीची बॅटरी लावलीस तर अजून उत्तम.

सिक्युरिटीचं थोडक्यात. डीमेसेग_रिस्ट्रिक्ट १ कर, म्हणजे साध्या यूजरला कर्नलचं लॉग वाचता येत नाही. ४.१५ पासून साधा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) हॅश होऊनच, म्हणजे खरा आकडा झाकूनच, छापला जातो त्यामुळे पूर्वीएवढी भीती नाही, पण व्हेंडरच्या ड्रायव्हरवर मी भरवसा ठेवत नाही. सर्व्हरवर लॉग जातं त्यात मॅक अॅड्रेस, यूएसबीचे सिरीयल नंबर असतात, कोणाला पाठवतोस ते बघ. पाठवताना पण रोज आख्खं पाठवू नको, सिमचा डेटा संपेल, मागच्या वेळेनंतरचं नवीन तेवढंच आणि कॉम्प्रेस करून पाठव, वादळ असेल तर फक्त आकडे.

तर पहिल्या लॉटला मी हे ठेवलं असतं: क्वाएट, लॉग_बफ_लेन २ एमबी, पॅनिक=१० (कर्नल कोसळला की १० सेकंदांनी रीबूट), रॅमऊप्स, जर्नल पर्सिस्टंट ६४ एमबी, इन्फोपर्यंत सगळं, डायनॅमिक डीबग बिल्डमध्ये आणि बंद, बूटचं डीमेसेग वेगळ्या फाइलीत. मग दोन-तीन डबे मुद्दाम त्रासदायक जागी लाव, कॉम्प्रेसरच्या शेजारच्या पॅनेलमध्ये, आणि आठवड्याने त्यांचं लॉग ओळींप्रमाणे मोज, कोणती ओळ किती वेळा आली. वरच्या पाच ओळी एकेक करून बघ, ड्रायव्हरची बडबड असेल तर डीबगमध्ये ढकल, खरी गडबड असेल तर वायरमनला बोलाव. नेटकन्सोलचा विचार तुझ्या डोक्यात येईल, तो वर्कशॉपमध्ये इथरनेटवर कर, झकास चालतो, पॅनिकच्या ओळी यूडीपीने दुसऱ्या मशीनवर थेट येतात, पण ४जी मोडेमवरून त्याच्या नादी लागू नको.